भजनी मंडळाचं रजिस्टर आणि आम्ही बायका

मृदंगी
नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. गावात विठ्ठल-रखुमाईचं देऊळ, देवळाचं भजनी मंडळ, मंडळ रीतसर नोंदणी झालेलं. माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे मंडळातले निम्मे लोक मला काका-दादा आणि उरलेले भावजी-मामंजी लागतात. पखवाज वडिलांनी शिकवला. घरात मुलगा नव्हता म्हणून शिकवला असं लोक म्हणतात. वडील म्हणायचे, हात चांगला होता म्हणून शिकवला.

२०२५च्या गणेशोत्सवात सरकारने १,८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये अनुदान जाहीर केलं, आठवत असेल. आमच्या मंडळानेही अर्ज करायचं ठरवलं आणि त्या निमित्ताने सभासदांचं रजिस्टर नव्याने लिहायला काढलं. रोजच्या हरिपाठाला देवळात पुरुष चार आणि बायका पंधरा-वीस असतात. रजिस्टरमध्ये मात्र एकाही बाईचं नाव नाही. जे नोकरीसाठी मुंबईला जाऊन बसलेत आणि फक्त यात्रेला उगवतात, त्यांची नावं आहेत.

विचारलं तर उत्तर आलं, "तुमचं महिला मंडळ आहे की!" आहे. त्याला ना रजिस्टर, ना बँकेत खातं. आमची मालमत्ता म्हणजे टाळांचे काही जोड आणि एक ढोलकी. पेटी आणि दोन्ही पखवाज मुख्य मंडळाच्या कपाटात, किल्ली सेक्रेटरींकडे. सप्ताहात आम्हाला वेळ मिळते दुपारी दोन ते चार, म्हणजे मांडवात जेवणाच्या पंगती उठून लोक आडवे झालेले असतात तेव्हा. रात्रीचा जागर पुरुषांचा. वीणेचा पहारा (पाळीपाळीने वीणा घेऊन उभं राहणं) तर बायकांना दिवसाही नाही. कारण काय, तर "अडचण". बरं, अडचणीचंच कारण असेल तर सत्तरीच्या आजींना तरी द्या! त्यांनाही नाही.

आणि भजनात जनाबाईचे अभंग हवेत, मुक्ताईचे ताटीचे अभंग हवेत. असो.

मला भांडण नको आहे. सगळी घरचीच माणसं आहेत. पण रजिस्टरमध्ये नाव हवंय. तुमच्या गावात, पथकात, मंडळात काय पद्धत आहे? कायद्यात काही मार्ग आहे का?

पेठेतला
हे सगळं खेड्यातच राहिलंय हो. पुण्यात ढोल-ताशा पथकांत कधीचंच संपलं. ज्ञान प्रबोधिनीच्या मुली रस्त्यावर उतरून ढोल वाजवायला लागल्या त्याला जमाना झाला. आमच्या पथकात आज निम्म्या मुली आहेत.

रानजाई
मृदंगी, पखवाज वाजवतेस हे वाचूनच छान वाटलं. व्हिडिओ टाक ना.

झांजवाली
@पेठेतला, निम्म्या मुली मान्य. आता सांगा, ताशाच्या रांगेत किती?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पथक ताशावर चालतं. हात (ठेका) कधी बदलायचा, लय कधी चढवायची, कुठे थांबायचं, हे ताशावाला ठरवतो आणि मागचे सगळे ढोल त्याच्याकडे कान लावून असतात. म्हणजे ताशाची रांग ही पथकातली सत्ता. मी एका पथकात काही वर्षं काढली. नाव लिहीत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच आहे. नवीन मुलगा आला की विचारतात, "ढोल की ताशा?" मुलगी आली की, "झांज की ध्वज?" ताशा मागितला तर "आधी मनगट तयार करा." मनगट तयार करायला सरावात ताशा हातात मिळाला पाहिजे, आणि ताशे मोजके. ते आधी कोणाकडे जातात हे सांगायला नको.

मिरवणुकीच्या दिवशी मात्र नऊवारी, नथ आणि फेटा घातलेल्या आम्ही सगळ्यात पुढे, कारण कॅमेरे पुढे असतात. पुढच्या वर्षीच्या सुपाऱ्या त्या फोटोंवर येतात. सुपारी किती घेतली, त्यातून ढोलांची पानं किती बदलली, टेम्पोला किती गेले, हा हिशोब ठरवणाऱ्या मीटिंगला आमच्यातली कोणी नसते. ती मीटिंग सराव संपल्यावर रात्री अकराला टपरीवर होते आणि तोवर मुलींना "घरी सुखरूप सोडून" आलेले असतात.

पेठेतला
आमच्याकडे ताशाला दोन मुली आहेत. बाकी मीटिंगचं बरोबर आहे, पण ते कोणी मुद्दाम करत नाही.

झांजवाली
मुद्दाम करतात असं मीही म्हटलं नाही. मीटिंग सातला घ्या एवढंच म्हणणं आहे.

भाऊसाहेब_टाळकरी
माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. बरीच वर्षं भजनात काढली आहेत. स्त्री-पुरुष भेदभाव वगैरे मोठे शब्द वापरण्याआधी पट्टीचा विचार करा. पुरुषाचा आवाज साधारण काळी एक, पांढरी दोनमध्ये (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या; आकडा वाढला की सूर चढतो) मोकळा लागतो. बाईला पांढरी चार, काळी चार लागते. काळी एकमध्ये बायकांना खर्ज लागत नाही, वरच्या सप्तकात गेलं की किंचाळणं होतं. एकत्र भजनात कोणीतरी एक घुसमटणारच. म्हणून पूर्वजांनी वेगळी मंडळं केली. यात अपमान कसला?

काळीपाच
भाऊसाहेब, मुद्दा संगीतातला काढलात म्हणून आनंद झाला, आता संगीतातच उत्तर देतो.

बैठकीचं गाणं म्हणाल तर तुमचं बरोबर. पण वारकरी चालीचं भजन कोणत्या पट्टीत होतं? चांगला गायक असेल तर काळी चार, काळी पाच. माइक नव्हते तेव्हापासून ही पद्धत आहे, दिंडीत शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत आवाज गेला पाहिजे म्हणून. आपले पुरुष जी पट्टी गळ्याच्या शिरा ताणून गाठतात ती बायकांची घरची पट्टी आहे. त्यामुळे पट्टीचं कारण द्यायचं तर ते उलट्या बाजूने लागू पडतं.

राहिला पखवाज. लहान तोंडाचा, चढ्या पट्टीचा पखवाज मिळतो. गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून थोडंफार वर-खाली करता येतंच, धुम्याच्या (खर्जाच्या बाजूच्या) कणकेचं प्रमाणही आपल्या हातात असतं. आणि समजा खरंच पट्टी जमत नाही. तरी त्याचा रजिस्टरशी काय संबंध? मंडळातल्या सगळ्या पुरुषांची पट्टी एकच आहे का? जे बेसूर आहेत त्यांची सभासदत्वं कोणी काढून घेतलेली ऐकली नाहीत.

रानजाई
शेवटच्या वाक्याला +१००

भाऊसाहेब_टाळकरी
बेसूरचा टोमणा समजला. पट्टीबद्दलचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण रात्रीचा जागर, पहाटेची काकड आरती, परगावच्या सप्ताहाचा प्रवास, या व्यावहारिक गोष्टी आहेत. बाईमाणसाला रात्री दोनला टेम्पोतून आणायचं म्हणजे जबाबदारी कोणाची?

सडेतोड
आता वीणेलाही आरक्षण मागा. ५० टक्के तारा महिलांच्या.

व्यवस्थापक
विषयाला धरून लिहावे.

बांद्यापलीकडचा
गोव्यातून लिहितोय, मूळ सावंतवाडीकडचा. भाऊसाहेब, रात्री दोनची जबाबदारी आमच्या सिंधुदुर्गातल्या डबलबारीला येऊन बघा. समोरासमोर दोन बुवा, सवाल-जबाब, बारी रंगली की पहाट होते. आता बाई बुवा म्हणून पेटीवर बसते आणि समोरच्याला गजरात गुंडाळते. तिच्या मागे कोरसला आणि पखवाजाला पुरुष असतात. लोक तुडुंब येतात. पहिल्यांदा "बाईची बारी" बघायला म्हणून येत होते हे कबूल, पण आता चूक काढायला येतात. मी ती बढती समजतो.

गोव्यात कला अकादमीची पं. मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाची भजन स्पर्धा आहे. पुरुष, महिला आणि बाल असे वेगळे गट. महिला गटामुळे वाड्यावाड्यांत बायकांची पथकं उभी राहिली, स्वतःची पेटी, स्वतःचा पखवाज, हे डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यातही एक गोम आहे. बरीच वर्षं बायकांच्या पथकात पखवाजावर आणि पेटीवर पुरुष साथीदार दिसायचे, कारण बायकांना वाद्य शिकवायची पद्धतच नव्हती. गाणं बायकांचं, वाद्य पुरुषांचं. मृदंगी, तू त्या भिंतीच्या आत आहेस, हे तुझ्या लक्षात असेलच.

कावेरी७२
मी जरा वेगळं बोलणार आहे. मला आमचं वेगळं महिला भजनी मंडळच हवं. आम्ही सोसायटीतल्या आणि आजूबाजूच्या बायका मंगळवारी दुपारी जमतो. कोणता अभंग घ्यायचा आम्ही ठरवतो, चाल आम्ही लावतो, चुकलो तर आम्हीच हसतो. एका रामनवमीला पुरुष मंडळाबरोबर एकत्र कार्यक्रम केला. तालमीपासून आम्ही "कोरस" झालो. चहाचं बघायचं काम आपोआप आमच्याकडे आलं. कुणी सांगितलं नव्हतं हो, आम्हीच उठलो, तेच जास्त लागलं मनाला.

त्यामुळे मृदंगी, सभासद हो, पण स्वतःच्या मंडळाचं खातं आधी उघड. त्यांच्या कपाटाची किल्ली मागण्यापेक्षा आपलं कपाट बरं.

मृदंगी
कावेरीताई, पटतंय. पण आमच्याकडे देऊळ एकच आहे, सप्ताह एकच आहे आणि वर्गणी घराघरातून एकच जाते. ती वर्गणी आमच्याही घरातून जाते. वेगळं कपाट केलं तरी ते ठेवायला जागा त्यांच्याकडेच मागावी लागणार.

जुनाट
थोडा इतिहास. या धाग्यावर सगळे "बायकांनी वाद्य वाजवलंच नाही" असं गृहीत धरून चाललेत. बायकांनी वाजवलंय, फक्त कोणत्या बायकांनी ते विचारायचं नसतं.

खंडोबाच्या जागरणात वाघ्याबरोबर मुरळी आहे, घाटी हातात घेऊन रात्रभर नाचते-गाते. (भाऊसाहेब, रात्रभर!) यल्लम्माच्या जोगतिणींच्या गाण्यात चौंडकं आणि तुणतुणं आहे. गोव्यात देवळांच्या सेवेत कलावंतिणी गायच्या. ते त्यांचं कर्तव्य मानलं जायचं आणि त्याच कारणाने त्यांना प्रतिष्ठा नाकारली जायची. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच समाजातून आल्या. म्हणजे देवापुढे बाईचं गाणं-वाजवणं धर्माला कधी वर्ज्य नव्हतं. वर्ज्य होतं ते "घरंदाज" बाईला.

मग एकोणिसाव्या शतकात सुशिक्षित पुरुषांनी संगीत "सभ्य" करायला संस्था काढल्या. मुंबईत कैखुश्रू काबराजींची पारशी गायन उत्तेजक मंडळी १८७०ची, पुणे गायन समाज १८७४चा. गाणं कोठीवरून दिवाणखान्यात आणायचं हा खटाटोप. त्यात ज्यांच्या गळ्यात ते गाणं पिढ्यान्पिढ्या होतं त्या बायका दाराबाहेर राहिल्या आणि घरच्या बायकांना आत यायला अजून काही दशकं लागली. रंगभूमीवर तर १८४३च्या 'सीता स्वयंवरा'पासून पुढे कितीतरी वर्षं सीताही पुरुषच. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करू लागल्या तो काळ १९२०च्या दशकातला.

सभासदांची यादी ही गोष्ट त्या संस्थांनी आणली. त्याआधी कोण गातं ते गाव बघायचं, यादी कोणी बघत नव्हतं. माझा अंदाज असा की तुमच्या मंडळातही बायका बाहेर पडल्या त्या नोंदणी झाली त्या दिवशी. त्याआधी देवळात जो बसेल तो भजनी.

काळीपाच
जुनाट, यात भर. दक्षिणेत पालघाट मणी अय्यर, मृदंगातलं केवढं मोठं नाव. त्यांनी वर्षानुवर्षं बायकांना साथ करायचं टाळलं. पुढे गायिका डी. के. पट्टम्माळ यांच्या साथीला बसले. नंतर त्यांची मुलगी पट्टम्माळांच्या घरात सून म्हणून गेली. आजच्या गायिका नित्यश्री महादेवन या दोघांचीही नात. आणि आपल्याकडे मुंबईच्या आबान मिस्त्री. तबल्याचं एकलवादन केलं आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर जाडजूड ग्रंथही लिहिला. वाद्य बायकांच्या हाताला झेपत नाही म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगतो आणि चहा मागवतो.

डॅन्यूबकाठी
मी व्हिएन्नात राहते. इथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची गोष्ट या धाग्यावर हवीच, कारण प्रश्न शब्दशः मृदंगीचा आहे.

हा वाद्यवृंद १८४२चा, आणि तो कुठल्या सरकारचा किंवा मालकाचा नाही. वादकांचंच मंडळ आहे. कार्यक्रम कोणते घ्यायचे, पैसे कसे वाटायचे, नवा कोण घ्यायचा, सगळं सभासद मतदानाने ठरवतात. आपल्या भजनी मंडळासारखंच म्हणा, फक्त टाळाऐवजी व्हायोलिनं. या मंडळात १९९७पर्यंत एकही बाई सभासद नव्हती.

पण बाई वाजवत होती! आना लेल्केश या हार्प (अनेक तारांचं मोठं उभं वाद्य) वाजवणाऱ्या बाई वीसहून अधिक वर्षं त्यांच्याबरोबर वाजवत होत्या. हार्प वाजवायला पुरुष कमी मिळायचे. सभासदांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि टीव्हीवर कार्यक्रम दाखवताना त्यांचे फक्त हात दाखवायचे असं त्यांनीच पुढे सांगितलं. सभासद न करण्याची कारणं काय, तर बाळंतपणाची रजा, आणि "आमचा खास नाद बिघडेल". फेब्रुवारी १९९७मध्ये अमेरिकेचा दौरा तोंडावर आला, तिकडे निदर्शनांची तयारी झाली, इथे सरकारी अनुदानावरून राजकारणी बोलायला लागले. मग मतदान झालं आणि लेल्केशबाई सभासद झाल्या. तोवर त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

बर्लिन फिलहार्मोनिकची कथा आणखी बोलकी. स्थापना १८८२, पहिली बाई १९८२मध्ये. त्यानंतर क्लॅरिनेटवादक साबिने मायर यांना वाद्यवृंदाचा संचालक कारायानने आणलं, तर वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी विरोध केला. कारण दिलं, हिचा नाद बाकीच्यांत मिसळत नाही. भाऊसाहेबांची पट्टी आठवली.

मृदंगी, माझं निरीक्षण असं की व्हिएन्नाला लाज वाटून दार उघडलं नाही. दौरा आणि अनुदान अडकलं तेव्हा उघडलं. तुझ्या मंडळाला अनुदानाचा अर्ज करायचाय ना?

लेकव्ह्यू
अमेरिकेतून. इथे बार्बरशॉप नावाचा चार आवाजांचा गायनप्रकार आहे, पूर्णपणे हौशी लोकांचा. दिवसा दुकान चालवणारे, शिक्षक, रिटायर्ड आजोबा संध्याकाळी जमून गातात. त्यांची संघटना १९३८ची, पुरुषांची. बायकांनी १९४५मध्ये स्वतःची वेगळी काढली. पुरुषांच्या संघटनेने सभासदत्व सगळ्यांना खुलं केलं २०१८मध्ये. गंमत म्हणजे त्यानंतरही पुरुषांचे ग्रुप पुरुषांचे राहू शकतात, बायकांचे बायकांचे, आणि मिश्र हवे तर मिश्र. आवाजाचा प्रश्न ग्रुपपुरता सोडवला, सभासदत्व सगळ्यांना दिलं. हे दोन प्रश्न वेगळे काढले की भाऊसाहेब आणि काळीपाच दोघांचंही भागतं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ढोल पथकात बायकाच जास्त आहेत, ताशालाही. कारण फार उदात्त नाही. सरावाला वेळेवर त्याच येतात.

भाऊसाहेब_टाळकरी
ग्रुप वेगळा आणि सभासदत्व वेगळं, हे मान्य करायला मला हरकत नाही. वीणेच्या पहाऱ्याबाबत मात्र माझं मत बदललेलं नाही.

कोर्टकचेरी
उशिरा आले. कायद्याचं बोलू.

१. देशाच्या घटनेतलं भेदभाव-बंदीचं कलम १५ नेऊन मंडळावर आपटू नका. ते मुख्यतः सरकारला बांधतं. खासगी मंडळाला संघटनेचं स्वातंत्र्य कलम १९ देतं. २००५मध्ये झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने संस्थेने उपविधीत घातलेली सभासदत्वाची मर्यादा (फक्त पारशी) मान्य केली. त्यामुळे "हा भेदभाव आहे" एवढ्यावर केस उभी राहील असं धरून चालू नका.

२. पण त्याच न्यायाने मंडळही स्वतःच्या घटनेला बांधलेलं आहे! म्हणून पहिलं काम म्हणजे मंडळाची घटना वाचा. सेक्रेटरी देत नसतील तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून नक्कल मिळते. मी पाहिलेल्या अशा बहुतेक घटना छापील नमुन्यातून भरलेल्या असतात आणि त्यात "१८ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती" असंच असतं. पुरुष हा शब्द क्वचितच. असं असेल तर तुम्हाला हक्क नव्याने मागायचाच नाही. लेखी अर्ज, वर्गणी, पोच. नाकारलं तर लेखी कारण मागा. "महिला मंडळ आहे की" हे कागदावर लिहायला हात थबकतो.

३. परिशिष्ट १चा (धर्मादाय कार्यालयातल्या मंडळाच्या नोंदीचा) उतारा काढा. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२खाली बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक मंडळांनी वर्षानुवर्षं दिलेला नसतो आणि कागदोपत्री मयत माणसं अजून विश्वस्त असतात. हे धमकी म्हणून वापरू नका, पण माहीत असू द्या.

४. झांजवाली, तुमच्यासाठी: २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात "कर्मचारी" या व्याख्येत बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारेही येतात. पथकाला अंतर्गत समिती नसली तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. सरावाच्या मैदानावर पथकप्रमुखाने हे एकदा मोठ्याने वाचून दाखवलं तर बरंच काम होईल.

झांजवाली
चौथा मुद्दा माहीत नव्हता. पथकाच्या ग्रुपवर टाकते. काय होतंय ते इथे कळवेन.

मृदंगी
सगळ्यांचे आभार. नक्कल मिळाली. कोर्टकचेरी म्हणाल्या तसंच निघालं: "गावातील १८ वर्षांवरील कोणीही इसम". आता "इसम" म्हणजे पुरुष असा अर्थ आमच्या चुलतसासऱ्यांनी काढलाय, त्यावर देवळाच्या पायरीवर दोन दिवस चर्चा चालू आहे.

आम्ही बायकांनी एकत्र अर्ज दिले, वर्गणीसकट. जुनाट म्हणतात ते खरं असावं, कारण शेजारच्या आजी म्हणाल्या की त्यांच्या सासूबाई काकड्याला वीणा घेऊन उभ्या राहायच्या आणि तेव्हा कोणी काही बोलत नसे. हे सेक्रेटरींनाही सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा माणसं कमी होती." मी म्हटलं, आत्ता हरिपाठाला चारच असतात.

कार्तिकी झाल्यावर सर्वसाधारण सभा लावलीय. सभा संध्याकाळी सातला आहे, हे झांजवालीकडून उचललं. अनुदानाचा अर्ज सभेनंतरच पाठवायचा असं सरपंचबाईंनी सांगून ठेवलंय. डॅन्यूबकाठी, तुझी पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली होती.

वीणेचं आत्ता काढत नाहीये. आधी नाव लागू दे.

काळीपाच
अनुदान मिळून नवा पखवाज घेणार असाल तर आत्ताच सांगून ठेवतो, काळी चारचा घ्या. आणि ऑर्डर देताना तू स्वतः जा, वाजवून बघ. सेक्रेटरींना पाठवलंस तर काळी एकचा आणतील आणि मग पुढची दहा वर्षं पट्टीचं कारण कपाटातच बसेल.

भाऊसाहेब_टाळकरी
काळी चार फार चढी होईल. काळी तीन घ्या, दोघांचं निभेल. मिरजेला कारागीर आहेत, नेहमीचा माणूस आहे माझा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.